हात सुटायची वेळ

टेंभुर्णी, १४ नोव्हेंबर १९५४

ही वही ताराने दिवाळीला माहेराहून, जुन्या जालन्यातून आणली. "दिवसभर लोकांचं ऐकता, तुमचं कोण ऐकणार? यात लिहीत जा," म्हणाली. म्हणून आरंभ.

या सरकारी दवाखान्यात येऊन मला दीड वर्ष झालं. आज चौसष्ट माणसं आली, निम्मी खोकल्याची. शेवटी साळूबाई आली. ही गावची सुईण, पंचेचाळीशीची. श्रावणात आमची नीला हिनेच सोडवली. मी तेव्हा पटकीच्या साथीसाठी जाफ्राबादेत अडकलो होतो, ओढ्याला पाणी होतं आणि ताराला कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या होत्या. त्या बाईचे उपकार मी विसरलेलो नाही.

तिने हात पुढे केले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "डाक्टरसाहेब, पहाटं हात धरती."

"कोण?"

"नाव घेऊ न्हाई."

तिचा नवरा रखमाजी सोबत होता. त्याने सांगितलं. आषाढात गावातल्या कारभारीची बायको उषा बाळंतपणात दोन दिवस अडली होती. साळूबाईचे दोन्ही हात धरूनच ती पहाटे गेली. मेल्यावर तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. "सव्वा महिना झाला आन् हिचे हात धरायला लागली. रोज पहाटं. उन्हं लिंबाच्या शेंड्यावरून खाली आली की मंग सोडती."

मी हसलो नाही, पण आतून हसू येत होतं. हात पाहिले तेव्हा दुपारचे बारा झाले होते. बोटं थोडी जाड वाटली. कष्टाची बाई, बोटं जाड असणारच. रजिस्टरात लिहिलं: हिस्टेरिया. डोकं शांत राहायला ब्रोमाइड मिक्स्चर, पंधरा दिवस.

२१ नोव्हेंबर

थंडी पडली. नीलाच्या लंगोटाची गाठ मलाच बांधायला लागली. तारा म्हणे बोटं गारठली आहेत. मी गाठ बांधली ती सुटली, आणि मग आम्ही दोघंही हसलो.

३ डिसेंबर

साळूबाई पुन्हा आली. ब्रोमाइडने दिवसा झोप येते, पहाटे काही फरक नाही. आता पायही. "खड्यांवरून चालल्यावानी होतंय. खाली पाहावं तर खडा न्हाई."

कडूबा, माझा कंपाउंडर, पुड्या बांधता बांधता थांबून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. मी त्याला आत पाठवलं.

रखमाजीने विचारलं, "साहेब, औरंगाबादला मोठ्या डॉक्टरला दाखवावं का? मी गाडी करतो, जालन्यापासून रेल्वे हाये."

मी म्हणालो, "बिलकुल गरज नाही."

हे का म्हणालो याचा आता लिहिताना विचार करतोय. औरंगाबादेत डॉ. मार्तंडराव पिंगळीकर आहेत. हैदराबादेत ते मला शिकवायला होते. त्यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवायचं, आणि चिठ्ठीत काय लिहायचं? मेलेली बाई हात धरते? त्यांची मिशीआड हसण्याची सवय मला माहीत आहे. शिवाय दवाखाना मी कशासाठी चालवतो?

तरी एक केलं. तिचं रक्त काढून जालन्याला पाठवलं.

११ डिसेंबर

रक्ताचा निकाल आला. सगळं स्वच्छ. रखमाजीला कागद दाखवला. "बराबर," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा काही बदलला नाही. कागद घडी करून त्याने मुंडाशात खोचला.

आजकाल भाकरी जाड होते. मी चेष्टेत म्हणालो, "सासर मानवलं, हात जड झाला." तारा हसली नाही. तव्याकडे बघत राहिली.

१९ डिसेंबर

या बाईचा काय तो निकाल लावावा म्हणून आज पहाटेच तिच्या घरी गेलो. न सांगता गेलो. रोग सोंगाचा असेल तर न सांगता गेल्यावरच कळतो.

बाहेर दव पडलं होतं. रखमाजीने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. त्यांच्या घरात उजाडेपर्यंत कोणी बोलत नाही म्हणे. साळूबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही हात पुढे, कोपरात वाकलेले, बोटं अर्धी मिटलेली. समोर कोणी बसलं असावं आणि हिने हात त्याच्या हातात दिले असावेत, अगदी तशी. तिच्या समोर हातभर जागा मोकळी होती. तिथे घोंगडी अंथरली होती. मी विचारलं, ही कोणासाठी? रखमाजीने मान खाली घातली.

मी तिची बोटं सरळ करू लागलो. झाली नाहीत. ढोंग करणारा माणूस ताकद लावतो, त्याच्या दंडाला पीळ दिसतो. हिचा दंड सैल होता. फक्त बोटं मिटलेली. बोटांच्या मुळांशी आणि मनगटाशी हात लावला तर ऊब लागली, साऱ्या झोपडीत तेवढीच ऊब. हाताच्या पाठीवर दोन्हीकडे सारखी सूज होती, वरून कोणी तळहात दाबून ठेवावा तशी.

दिव्याच्या उजेडात मला ती सूज दिसली. हे लिहून ठेवतो, कारण दवाखान्यात दुपारी येते तेव्हा ती एवढी नसते.

पावणेदोन तास लागले. मग अंगठा हलला, मग तर्जनी. ती मोठा श्वास घेऊन म्हणाली, "गेली." माझ्याकडे वळून तिने विचारलं, "साहेब, तुमी तिच्या घोंगडीवर बसलता का?"

मी बसलो नव्हतो. पण परत येताना वाटेत मी धोतराचा मागचा सोगा दोनदा झटकला.

रजिस्टरात हिस्टेरिया तसाच ठेवला. पुढे लिहिलं: वाताचा अंश. सॅलिसिलेटच्या गोळ्या. रक्त स्वच्छ आहे, तेव्हा घाई नाही.

२८ डिसेंबर

आज मी चिडलो. चिडायला नको होतं.

साळूबाई गोळ्या न्यायला आली. गोळ्यांनी दुपार बरी जाते म्हणाली. जाता जाता दाराशी थांबली. "साहेब, राग मानू नका. ती आता दोन घरी जाती."

"म्हणजे?"

"आधी माझ्यापाशी उन्हं येईस्तोवर बसायची. आता मधीच उठती, परत येती. दुसरीकडं कुठं तरी जाऊन येती." मग तिने दवाखान्यामागच्या आमच्या क्वार्टरकडे पाहिलं. "नीलाच्या येळंला बाईसाहेबांनी माझे हात लई घट्ट धरलते. हेच हात. उषा जाऊन महिना बी झाला नव्हता."

मी तिला बाहेर जायला सांगितलं. कडूबासमोर सांगितलं. आणि हेही की क्वार्टरच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. बाळंतिणीच्या कानावर असलं काही गेलं तर दूध आटतं. ती गेली. पायऱ्या उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती.

६ जानेवारी १९५५

पहाटे नीला रडत होती. बराच वेळ रडत होती म्हणून मी उठलो. तारा जागी होती. अंथरुणात बसली होती, हात मांडीवर, बोटं मिटलेली. पोरगी वीतभर अंतरावर रडतेय आणि ही तिच्याकडे नुसती बघतेय.

"उचल ना तिला," मी म्हणालो.

"तुम्ही उचला."

मी उचललं. आईपण अंगवळणी पडायला काहींना वेळ लागतो, पुस्तकात वाचलं आहे. पोरीला पाचवा महिना चालू आहे, आता तरी रुळायला हवी. बायकांनी तिच्या कानात काहीतरी भरवलं असणार. घरकामाला येणाऱ्या कडूबाच्या बायकोला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगेन.

१४ जानेवारी

संक्रांत. कासार चुड्यांचा हारा घेऊन दारात आला तर ताराने त्याला तसाच परत पाठवला. सणाला नवा चुडा न भरणारी बायको मी पहिल्यांदा पाहिली. हातात जुन्या चुड्याही नव्हत्या. विचारलं तर म्हणाली, "टोचतात." मी फार खोलात गेलो नाही. तिळाच्या वड्या शेजारच्या बाईंनी थापून दिल्या.

१७ जानेवारी

हे आजच लिहायला पाहिजे.

पहाटे धप्प आवाज झाला. नीला ताराच्या हातातून खाली, गोधडीवर पडली. पोरीला काही लागलं नाही, देवाची कृपा. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. तारा भिंतीला टेकून उभी होती, हात तसेच पुढे, रिकामे, अर्धे मिटलेले. मी ते हात पाहिले आणि मला साळूबाईची भिंत आठवली.

कंदील वर केला. दोन्ही हातांच्या पाठीवर सूज. दोन्हीकडे सारखी. मी बोटांच्या मुळांची रांग माझ्या मुठीत धरून आडवी दाबली, हलकीच, आंबा पिकला का पाहावा तशी. तिने ओठ दाबले, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"कधीपासून?"

"दिवाळीहून आल्यापासून. आधी बोटं गारठल्यासारखी व्हायची. मग हात."

"दोन महिने. आणि मला सांगितलं नाहीस?"

तिने मनगटाने डोळे पुसले. मग म्हणाली, "काय सांगू? पहाटे कोणीतरी हात धरून बसतं, उन्हं आल्याशिवाय सोडत नाही, असं सांगू? मला वाटलं, तुम्ही मला ब्रोमाइड द्याल."

मी खाली बसलो. दोन महिने मी या बाईच्या हातची भाकरी खाल्ली. जाड म्हणून चेष्टा केली. चुड्या का नाहीत ते विचारून विसरलो. साळूबाईने न पाहता सांगितलं ते माझ्या घरात माझ्या समोर होतं आणि मला दिसलं नाही.

"तुला साळूबाईची गोष्ट कोणी सांगितली?" मी विचारलं.

"कोणती गोष्ट?" ती म्हणाली.

१८ जानेवारी

तहसीलला रुखसतीची, म्हणजे रजेची, दरखास्त पाठवली. मंजुरीची वाट न बघता उद्या निघणार.

संध्याकाळी रखमाजीच्या घरी गेलो. साळूबाई चुलीपुढे होती, तांब्या दोन्ही मनगटांत धरून पाणी ओतत होती. मी म्हणालो, "तुम्हीही चला. माझ्या खर्चाने नेतो."

"आता कशाला, साहेब? तुमी तर म्हनलता गरज न्हाई."

रखमाजी म्हणाला, "मी तवाच विचारल्तं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "चुकलो." हा शब्द मी या गावात पहिल्यांदा उच्चारला. साळूबाई उठली, उठायला तिला वेळ लागला, आणि खुंटीवरचं लुगडं काढायला लागली. तिला ते काढता येईना. रखमाजीने काढून दिलं.

२० जानेवारी, औरंगाबाद

जालन्यापर्यंत मोटार, पुढे रेल्वे. आम्ही चौघे आणि नीला; डब्यात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. बदनापूरच्या अलीकडे उजाडलं. दोघींचे हात आपापल्या मांडीवर एकसारखे मिटलेले. रखमाजीने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही. तारा खिडकीबाहेर बघत अचानक म्हणाली, "कपाळावर गोंदण होतं का तिच्या?"

साळूबाईने सावकाश मान हलवली. हो.

मी उषाला कधी पाहिलेलं नाही. बायका पाणवठ्यावर बोलतात, ताराने कुठेतरी ऐकलं असेल. तसंच असणार.

२१ जानेवारी, औरंगाबाद

पिंगळीकर सर हसले नाहीत. मिशी पांढरी झाली आहे. आधी साळूबाईला पाहिलं, मग ताराला. दोघींची बोटांची मुळं दाबली, पायांच्या बोटांचीही. दोघींना एकच विचारलं: सकाळी किती वेळ? दोघीही म्हणाल्या, उन्हं येईपर्यंत. त्यांनी ते मिनिटांत लिहून घेतलं. कोणामुळे ते विचारलं नाही.

मग फोटो काढायला लावले. संध्याकाळी मला एकट्याला आत बोलावलं. ताराच्या हाडांचा फोटो स्वच्छ. साळूबाईच्या बोटांच्या हाडांच्या कडा उंदराने कुरतडाव्यात तशा.

"ही कधी पहिल्यांदा आली तुझ्याकडे?"

"नोव्हेंबरच्या मध्यात."

"तेव्हा सूज होती?"

"बोटं जाड वाटली होती, सर. मला वाटलं कष्टाने. पुढे डिसेंबरात पहाटे जाऊन पाहिली तेव्हा स्पष्ट दिसली."

"आणि थांबलास कशासाठी?"

"रक्त स्वच्छ आलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "रक्त स्वच्छ म्हणजे सांधे स्वच्छ, हे तुला मी शिकवलं का? भालचंद्र, ऐक. हातापायांचे लहान सांधे सुजले, एकाहून जास्त सुजले, सकाळी तासभर हात उघडत नाहीत, की पाठवायचं. त्याच आठवड्यात पाठवायचं. नाव काय, कारण काय, ते माझ्याकडे सोड. रक्ताची वाट पाहायची नाही. गोळ्यांनी दुपारी बरं वाटतं का याची तर मुळीच नाही. रोग्याला जे वाटतं ते त्याला बोलू दे, भूत म्हणो, देवी म्हणो. तू वेळ मोज."

मी म्हणालो, "ती हिस्टेरियाची वाटली."

"वाटली, कारण तू तिचा शब्द ऐकलास. हात नाही पाहिलास."

बाहेर आलो तेव्हा साळूबाई नीलाला मांडीवर घेऊन बसली होती. विचारलं, "माझे हात कसे हायेत?" मी म्हणालो, "आता आणखी बिघडणार नाहीत, असं बघू." ती समजली. सुईणीला खोटं कळतं. तिने नीलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकशे चौदा सोडवली मी. हिच्यासकट."

१२ फेब्रुवारी, टेंभुर्णी

सांध्यांसाठी सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं चालू आहेत, दोघींना, दर आठवड्याला. मी इथेच देतो, आधी लघवी तपासून. नीलाला वरचं दूध चालू केलं. साळूबाईला सोन्याचं फार अप्रूप. "नवऱ्यानं अंगावर घातलं न्हाई, डाक्टरनं अंगात घातलं," असं ती गावभर सांगत सुटली आहे.

रजिस्टरात तिच्या नावापुढचं हिस्टेरिया खोडलं. कडूबा म्हणाला, सरकारी रजिस्टर खोडता येत नाही. मी खोडलं आणि खाली सही केली.

९ मार्च

फरक नाही. सर म्हणाले होते, तीन महिने धीर धर. पहाटे मी पाणी कोमट करून ताराचे हात त्यात धरतो. कधी कधी वाटतं पाण्यात माझ्या हातांखेरीज, तिच्या हातांखेरीज... नको. अशा गोष्टी लिहू नयेत. जागरण झालं आहे.

१७ एप्रिल

वरखेड्याचा मच्छिंद्र सुतार आला. वय तीस. तीन आठवडे झाले, दोन्ही हातांची बोटं सुजली आहेत, सकाळी रंधा धरता येत नाही. मी बोटांची मुळं दाबली, त्याने हात झटकन मागे घेतला. मी विचारलं, "पहाटे कोणी धरतं का?" त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. हे तो कोणाला सांगणारच नव्हता.

कडूबा म्हणाला, "साहेब, आठ दिवस गोळ्या देऊन पाहू की."

"नाही. आजच्या मोटारीने." चिठ्ठी लिहायला चार ओळी लागल्या. सांधे किती, कोणते, दोन्ही बाजू, सकाळी सव्वा तास. पाचवी ओळ लिहिली नाही.

३ मे

साळूबाई काल कडूबाच्या सुनेच्या बाळंतपणाला गेली होती. स्वतः हात लावता येत नाही, बाजेशेजारी बसून दुसरीला सांगत होती: आता दाब, आता सोड. मुलगा झाला. तिची बोटं वाकली ती वाकलीच. पण सकाळी अर्ध्या तासात हलतात, आणि भिंतीपुढची घोंगडी तिने धुऊन वाळत घातली. रखमाजीनेच मला सांगितलं. पहिल्यांदाच तो माझ्याशी आपणहून बोलला.

२२ मे

पहाटे जाग आली. पाणी कोमट केलं, पातेलं घेऊन ताराच्या खोलीत गेलो. अंधारातून ती हळूच म्हणाली, "दारातच थांबा थोडं. अजून सोडलं नाही."

पातेल्याने हात भाजत होता तरी मी थांबलो. खोलीत नीला झोपली होती, ताराचा श्वास ऐकू येत होता. आणखी कोणाचा ऐकू येतो का ते मी ऐकलं नाही. कान दिला नाही, असं म्हणतो.

मग ती म्हणाली, "या आता." मी आत गेलो तर तिने पोरीला उचलून घेतलेलं होतं, दोन्ही हातांनी, स्वतः.

कोणी सोडलं ते विचारलं नाही. घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं. जानेवारीत सरांनी तिचा दीड तास लिहून घेतला होता. सरांना आज पत्रात तेवढंच कळवलं.